मी परत पाठवलेला प्रश्न

सव्वीस वर्षं मी शाळेत प्रार्थना सांगतोय, आणि एकदाही ती कुणाला उद्देशून सांगितलेली नाही.

हे वाक्य लिहून दोन दिवस कागद तसाच टेबलावर ठेवला होता. बायकोने वाचला आणि म्हणाली, "दिवाळी अंकात हे छापून आणणार? नोकरी राहिलीय अजून." नोकरी राहिलीय, हे खरं. पण जे सांगायचं आहे ते या वाक्याशिवाय सुरू होत नाही.

मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमची मुलं बहुतेक खानदेशातल्या घरांची, काही मराठवाड्यातली, काही विदर्भातली. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, आई घरी साड्यांना लेस आणि स्टोन लावते. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, मोबाईलवर हिंदी, आणि आमच्याकडे पुस्तकातली मराठी. सहावीतल्या मुलाला 'उष्णतेचे वहन' समजावण्याआधी 'वहन' समजावावं लागतं. या कामाचा मला अभिमान आहे. त्याबद्दल कधीतरी निवांत लिहीन. आज निवांत नाही.

प्रार्थना माझ्याकडे आली ती गळ्यामुळे. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबेन. इथे मराठी शाळेतही बाईंना 'बेन'च म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गुणगुणताना ऐकलं.

"उद्यापासून प्रार्थना तुम्ही सांगायची."

"बेन, मी मानत नाही."

"काय मानत नाही?"

"देव."

"मी कुठे विचारलं? देवाने गळा दिलाय तो वापरा."

"देवाने नाही दिला, बेन."

"बरं, आईबापाने दिलाय. वापरा."

तेव्हापासून दुपारच्या पाळीत साडेबाराला फरसबंद अंगणात मी पुढे उभा राहतो, डोळे मिटतो आणि सूर लावतो. डोळे का मिटतो, हे मला विचारू नका. सुरुवातीला सूर नीट लागावा म्हणून मिटत होतो. पुढे सवय झाली.

आता बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरला मुलं काहीही विचारतात. पगार किती, लव्ह मॅरेज का, केस का गळाले. आणि वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही देव मानता का?" बहुधा ग्रहण किंवा उत्क्रांतीच्या धड्यानंतर, किंवा वर्गात कुणाच्या घरी कुणी गेलं असेल तेव्हा. मानणाऱ्या मास्तरला हा प्रश्न कधी अडवत नाही. तो "हो" म्हणतो आणि फळा पुसायला घेतो. अडचण आमच्यासारख्यांची. 'नाही' हे उत्तर वर्गात संपत नाही. ते दप्तरात बसून घरी जातं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे शिकलो. सूर्यग्रहण होतं. मी मोठ्या जोशात वर्गात बिस्किटांचे पुडे नेले, ग्रहणाच्या ऐन वेळी सगळ्यांना वाटले, स्वतः दोन खाल्ले. सुनील नावाच्या पोराने बिस्किट हातात धरून विचारलं, "सर, तुम्ही देव मानत नाही?" मी म्हणालो, "नाही. नाहीच आहे तर मानायचा कसा?" टाळी घेतल्यासारखं मी वर्गाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुनीलचा बाप आला. बारा तासांची पाळी करून थेट खात्यातून आलेला, केसांत कापसाचे तंतू. भांडायला आला असता तर मी तयार होतो. पण तो चप्पल दाराबाहेर काढून आत आला.

"मास्तर, पोराने घरी सांगितलं, सर म्हणतात देव नाही."

"मी माझं मत सांगितलं."

"बरोबर असेल तुमचं. तुम्ही शिकलेले. पण याच्या आईला नववा महिना लागलाय. कालपासून रडते. तिचं पहिलं मूल गेलं होतं. आता तिला हिंमत द्यायला तुम्ही येणार का?"

तो म्हणाला, "येणार नसाल तर जो आहे त्याला राहू द्या." आणि चप्पल घालून गेला. बाळंतपण सुखरूप झालं. पेढे आले, मी खाल्ले. पण त्या माणसाचा प्रश्न मला पटला होता. ज्याच्या आधाराला तुम्ही उभे राहणार नाही, त्याचा आधार काढू नका.

मग मी एक पद्धत बसवली. कुणी विचारलं की हसून म्हणायचं, "तुला काय वाटतं?" मूल गोंधळतं, मग आपलं सांगायला लागतं. सांगता सांगता आपण काय विचारलं होतं तेच विसरतं. कुणी दुखावत नाही, कुणाचा बाप येत नाही. ही पद्धत मी नव्या शिक्षकांनाही शिकवली. त्यात खोटं बोलणं नव्हतं, याचा मला फार अभिमान होता. परीक्षेच्या दिवशी मुली पेनं आणून म्हणायच्या, "सर, हात लावा ना. तुमच्या हाताला गुण आहे." मी लावायचो. एकदा एकीला गणितात पैकीच्या पैकी पडले, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या शाळेतली पोरंही पेनं घेऊन आली. प्रमिलाबेन हसून म्हणाल्या, "बघा, तुम्ही नाही मानत तर नाही, लोक तुम्हालाच मानायला लागले."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. आता भारतीचं सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. भारती आठवीत होती. अंगाने बारीक, बोलायला थोडी, चुंबकाच्या प्रयोगात मात्र सगळ्यांच्या पुढे. तिचे वडील कडोदऱ्याला एका खात्यात लूम चालवायचे. दीड वर्षापूर्वी ते एक दिवस कामाला गेले ते परत आलेच नव्हते. शोधाशोध झाली, पोलिसात नोंद झाली, मग लोक दमले. घरात आई, भारती, आणि दुसरीत शिकणारा भाऊ गोपाळ. शेजारच्या गल्लीत थोरले काका.

श्रावणात आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानबाईला रोटांचा नैवेद्य असतो. त्यासाठी गहू घेतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तान्ह्या मुलाचीही मूठ धरतात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचीही. परगावी असेल त्याचीही. फक्त गेलेल्या माणसाची धरत नाहीत. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. मीही अशाच घरातला. आई होती तोवर माझीही मूठ धरली जायची. मानणाऱ्याचीच धरा, असा काही नियम नाही.

त्या वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मी विज्ञानाच्या कपाटाची किल्ली शोधत होतो. भारती दारात येऊन उभी राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही देव मानता का?"

मी टेबलाचा खण उपसत होतो. वर न बघताच म्हणालो, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला काय वाटतं ते मला माहीत आहे, सर. मी तुमचं विचारते."

हे नेहमीसारखं नव्हतं, हे मला कळलं. इथे मी थांबायला हवं होतं. पण सुनीलचा बाप डोळ्यांपुढे आला. उद्या घरी कानबाई, बाप बेपत्ता, आई देवीवर जीव टांगून बसलेली. मी 'नाही' म्हणालो तर? म्हणून मी माझ्या पद्धतीचा दुसरा भाग वापरला, जो क्वचितच लागायचा.

"प्रत्येकाचं आपापलं असतं, भारती. तुझ्या मनाला जे पटेल ते तू धर. सरांचं बघून ठरवायचं नसतं."

"पण सर, कुणी काही मानत नसेल, तर त्याला…"

"सोमवारी बोलू. आज घरी काम असेल ना? जा, आईला मदत कर."

किल्ली डस्टरखाली सापडली. मी वर पाहिलं तेव्हा ती गेलेली होती.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई आणि थोरले काका दाखला न्यायला आले. मुलांना घेऊन आई माहेरी जाणार होती, अमळनेरकडे. आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. भारती दाराशी उभी होती.

क्लार्क आमच्या शाळेला कधी मिळालाच नाही, दाखले मीच लिहायचो. अक्षर बरं आहे. मी वडिलांचं नाव लिहायला लागलो तसे काका म्हणाले, "मास्तर, नावाआधी 'कै.' लावा. गावाकडच्या शाळेत पुन्हा भानगड नको."

मी आईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"कळलं का काही?" मी हळू विचारलं.

"कानबाईपुढे कळलं," काका म्हणाले. "आमच्या चुलत वहिनींच्या अंगात येतं. देवी बोलली, त्याची मूठ धरू नका."

मी विज्ञानाचा शिक्षक. निरीक्षण, नोंद, पुरावा, अनुमान, हे चार शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी मृत्यूचा दाखला मागायला हवा होता. नियमही तोच आहे. पण त्या बाईसमोर कागद मागणं मला क्रूर वाटलं. त्याहून खरं सांगायचं तर वाद नको होता. अंगात येण्यावर बोललो तर माझं मत बाहेर येणार. मी दाखल्यावर 'कै.' लिहिलं, मग जनरल रजिस्टरमध्येही लिहिलं, वळणदार अक्षरात. भारती माझ्याकडे बघत होती. मी रजिस्टरकडे.

त्यानंतर शाळेत बरंच बदललं. प्रमिलाबेन निवृत्त झाल्या. मुलं गुजराती आणि इंग्रजी शाळांकडे वळली, आमचे वर्ग रिकामे होत गेले. मी आता इन्चार्ज मुख्याध्यापक आहे, म्हणजे तेच काम आणि शिवाय पंख्याच्या दुरुस्तीचे अर्ज. भारती मी विसरलो होतो, असं म्हणणार नाही. पण ती आठवली की तिच्याबरोबर चुंबकही आठवायचा, आणि मी चुंबकावर थांबायचो.

गेल्या फेब्रुवारीत एक बाई ऑफिसात आली. खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची फाईल.

"ओळखलं का, सर?"

ओळखलं. डोळे तेच होते.

भारती लग्न होऊन परत सुरतेत आली होती, उधन्याला राहते. अंगणवाडीत तिची निवड व्हायची होती, त्यासाठी जातीचा दाखला हवा होता आणि तो अडला होता. तिने माझा दाखला टेबलावर ठेवला, घडीवर फाटत आलेला.

"ऑफिसातला साहेब हसायला लागला, सर. म्हणाला, 'पहेलां नक्की करो बेन, पप्पा छे के नथी? शाळेच्या दाखल्यावर वारले आणि आधार कार्डावर जिवंत.'"

"म्हणजे?"

"आहेत. जिवंत आहेत. तेव्हाही होते."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली आणि अजिबात घाई न करता बोलली, जणू पाठ केलेलं.

कडोदऱ्याच्या खात्यात वडिलांचं थोरल्या काकांशी भांडण झालं होतं. वडिलांनी भावावर हात उचलला, सगळ्या कामगारांसमोर. भाऊबंदांत तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून तिथूनच निघून गेले. पुढे सचिन या गावी एका कारखान्यात कामाला लागले. सुरतेपासून सचिन ते काय, रिक्षा जाते. त्या वर्षीच्या श्रावणात शेजारच्या मावशीच्या मोबाईलवर त्यांचा फोन आला. मावशी नळावर गेली होती. फोन भारतीने उचलला.

"म्हणाले, 'मी जित्ता शे. तुनी मायले सांगू नको.' मी रडायला लागले. तर म्हणाले, 'कानबाईनी आन शे तुले. सांगशी ते मनं मरेल तोंड देखशी.'"

ऑफिसात पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटला.

"आणि घरात ठरत होतं," ती म्हणाली, "की यंदा कानबाईलाच विचारायचं, पप्पांची मूठ धरायची की नाही. सांगितलं तर बाप मरेल. नाही सांगितलं तर जिवंतपणी मारतील. मला काही सुचेना. मग वाटलं, सर मानत नसतील. सूर्यग्रहणात बिस्किटं वाटणारे सर ते हेच, असं मोठी मुलं सांगायची. मानत नसतील तर त्यांना विचारू, शपथ मोडली तर खरंच काही होतं का."

"मी म्हणालो, सोमवारी बोलू."

"हो. कानबाई रविवारी होती."

मी मूर्खासारखं विचारलं. "मी काय म्हणायला हवं होतं?"

"काहीही, सर. 'नाही' म्हणाला असतात तर त्याच दिवशी आईला सांगून टाकलं असतं. 'हो' म्हणाला असतात तर तुम्हालाच सगळं सांगितलं असतं, आता काय करू म्हणून. तुम्ही दोन्ही नाही म्हणालात."

सुनीलच्या बापाचा प्रश्न मी इतकी वर्षं उलटा धरून बसलो होतो. तो विचारत होता, येणार का? मी त्यातून फक्त गप्प बसायचं शिकलो.

"आई?" मी विचारलं.

"सहा वर्षांनी पप्पा गावी आले. दारात उभे. आईने पाणी दिलं. बाया म्हणाल्या, आता कुंकू लाव. आई म्हणाली, 'एकदा पुसलं ते पुसलं. याच्या येण्याजाण्यावर रोज काय लावत-पुसत बसू?' आता सगळे गोपाळकडे राहतात, इथेच. पप्पा दम्याने बेजार. आई करते सगळं. पण कानबाईला गहू मोजते ना, पप्पांची मूठ धरत नाही. ते समोर बसून बघतात. म्हणते, 'देवी बोलली होती, मी नाही.'" एवढं बोलून ती हसली. मला हसू आलं नाही.

मग कामाचं बोललो. रजिस्टरमधली नोंद बदलायची तर अर्ज, वडिलांचं आधार कार्ड, प्रतिज्ञापत्र, पोलिसातली जुनी नोंद, आणि वरच्या ऑफिसची मंजुरी. तिने फाईल उघडली, सगळं लावून आणलं होतं. मी एकेक कागद बघत होतो. त्या माणसाला मेलेला लिहिताना मी एकही कागद मागितला नव्हता. जिवंत लिहायला चार लागत होते, आणि मी ते तपासत होतो.

अर्जावर सही करून तिच्याकडे दिला. ती उठली नाही.

"आता तरी सांगा, सर. मानता का?"

शाळेच्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर मी सुनीलच्या वर्गानंतर दिलं नव्हतं.

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. आपण फार जड समजलेलं गाठोडं उचलल्यावर हलकं निघावं, तसं तिचं झालं असावं.

"एवढंच होतं, सर?"

मी मान हलवली.

साडेबाराची घंटा झाली. मुलं अंगणात रांगा करायला लागली. मी उठलो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पुढे उभा राहिलो, सूर लावला, पण डोळे मिटेनात. पाठोपाठ मुलांचा आवाज आला. फाटकाजवळ भारती थांबली होती. फाईल काखेत धरून तिने हात जोडले होते, आणि डोळे मिटले होते.

आता मुलांनी विचारलं की मी "नाही" म्हणतो, आणि लगेच विचारतो, "तू का विचारतोस?" हे बरोबर आहे असं छातीठोकपणे सांगवत नाही. जुलैत एक आई तक्रार घेऊन आली होती. पाचवीतली एक मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आणि 'का' विचारल्यावर बहुतेक मुलं म्हणतात, "असंच." तरी मी हातातलं काम खाली ठेवतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो. कधी कधी 'असंच'च्या मागून काही येतं.

मंजुरी गेल्या महिन्यात आली. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पान सापडलं. रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची आमची रीत ठरलेली आहे. चूक खरवडायची नाही, वर पांढरं लावायचं नाही, गिरवून झाकायचं नाही. लाल शाईने एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची, आणि खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे.

मी रेघ मारली, सही केली. वाचता येतं.